निळी टोपी

वणीहून घुग्गुसला जाताना
वर्धेचा पूल यायच्या आधी, डाव्या हाताला,
एक पत्र्याचं शेड आहे. बाहेर पाटी नाही.
आत मी एका अशक्त वायूला
जळायला शिकवते.

अशक्तच. कोळशावर वाफ आणि हवा सोडून काढलेला,
नैसर्गिक वायूच्या आठव्या हिश्शाएवढा दम.
निम्म्याच्या आसपास नुसता नायट्रोजन,
म्हणजे लग्नातली वऱ्हाडी मंडळी:
येतात, तापतात,
कुठल्याच कामाला हात न लावता निघून जातात.
त्या गर्दीत थोडा हायड्रोजन, थोडा कार्बन मोनॉक्साइड,
घरचे दोघं राबणारे.

तेवढीच ऊर्जा हवी तर वायू आठपट ओतायचा.
म्हणून इंधनाची भोकं वाढवली,
पेन्सिल जायची तिथे आता अंगठा जातो.
ज्वाला सावकाश चालणारी, वारा घाईत,
ती पाय रोवून उभीच राहीना.
म्हणून तोंडाशी तिरप्या पात्यांचा भोवरा बसवला,
की वाऱ्यानं स्वतःभोवती फिरून मागे वळावं,
जळलेल्यातलं थोडं आणून
न जळलेल्याच्या पदरात टाकावं.
डबा वीतभर लांब केला.
मग त्याची भिंत थंड ठेवायला हवा पुरेना.
वेल्डर झित्रू कुळमेथे म्हणाला,
"म्याडम, हा डबा नाही, एकत्र कुटुंब आहे.
एकाची समजूत काढा, दुसरा रुसतो."

मे महिन्यात चाचण्या रात्रीच.
दिवसा सेहेचाळीस अंशांत कॉम्प्रेसर धापा टाकतो,
आणि या ज्वालेला रंगच इतका थोडा
की उजेडात ती आहे की नाही
शपथेवर सांगता येत नाही.

एका रात्री बाबांना नेलं.
एकतीस वर्षं मायनिंग सरदार.
पाळी सुरू व्हायच्या आधी दिवा घेऊन एकटे आत जायचे,
वात बारीक करून पाहायचे
ज्योतीवर निळी टोपी चढली का, किती चढली.
टोपी दिसली की माणसं बाहेर.
दिवाच विझला की स्वतःही.
गॅस पेटू नये याचा पगार मिळायचा त्यांना,
मला मिळतो तो विझू नये याचा.
हे मी सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत.

डिझेलवर पेटवलं. हळूहळू डिझेल काढत गेलो,
साठ टक्के, तीस, दहा.
शून्य.
अकरा मिनिटं जाड काचेआड
काहीतरी थरथरत राहिलं,
मोहाच्या दारूला काडी लावल्यासारखं.
मग स्कॅनरचा दिवा गेला. ज्वाला नाही.
बाबा काचेला डोळा लावून होते,
उजव्या हाताची दोन बोटं
नसलेली वात फिरवत.
म्हणाले, "हाय ना. टोपी हाय."

नियम माझाच, माझ्याच अक्षरात भिंतीवर चिकटवलेला:
स्कॅनर नाही म्हणाला की दोन सेकंदांत बंद.
न जळता साचला तर शेड उरणार नाही,
आणि धुतलेल्या या वायूला वासही नाही.
मी बटन दाबलं.

पंखा बराच वेळ आतली हवा झाडत राहिला.
नलू येरगुडेनं तापमानाचा कागद काढून आणला.
स्कॅनर गेल्यावरही, मी दाबेपर्यंत,
रेघ सपाट: बाराशे चाळीस.
ज्वाला होती.
आमचा डोळा दुसऱ्या वायूवर शिकलेला,
ह्या फिकट निळ्याला आंधळा.

बाबांनी कागद चष्मा न लावताच परत दिला.
"बरोबर केलं तुनं," म्हणाले.
"माह्या डोयाचा काय भरोसा?
शंका आली का मानसं आंधी बाहेर.
मंग भांडत बसा गॅससंग."

सकाळी नव्या स्कॅनरची मागणी भरली.
'कारण' या रकान्यात लिहिलं:
जुन्याला टोपी दिसत नाही.
मग ते खोडलं
आणि तरंगलांबी लिहिली.